विहीणबाईंची सोबत

२ मे, शनिवार

बोलू का? बोलते. नातीने हा फोन हातात दिलाय आणि म्हणते, आजी, तू नुसतं बोल, तो आपोआप लिहितो, तारीखही स्वतःच टाकतो. मला अक्षराची ओळख नाही, तेव्हा तो काय लिहितो ते त्याचं त्याला माहीत. उद्या त्याने मला दरोडेखोर ठरवलं तरी मी कौतुकाने मान डोलावेन. नातीचं म्हणणं, रोजचं रोज बोलून ठेव, घरी गेल्यावर वाचू आणि पोट धरून हसू. तिला मी टिटवी म्हणते. पाळण्यात असताना नरडं असं होतं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. आता ती व्हायोलिन वाजवते, तर तेच शेजारी खिडक्या उघडतात.

तर आलो एकदाचे. इथे उन्हाळ्यात मोठा संगीत महोत्सव असतो. पुढच्या रविवारी टिटवी मंचावर एकटीने वाजवणार आणि शेवट करणार माझ्या धुनेने. तिला झोपवताना मी गुणगुणायचे ती धून. माझ्या आईची, तिच्या आईची. कुठे लिहिलेली नाही, आमच्या तोंडातच राहत आलेली. पहिल्या रांगेत माझी खुर्ची राखलेली आहे. त्या खुर्चीपायी हे दोन कुरकुरे गुडघे घेऊन इतक्या लांब आलेय.

पण राहायचं कुठे? महोत्सव आला की इथल्या हॉटेलवाल्यांच्या अंगात येतं. एकाचं भाडं ऐकून टिटवीने विचारलं, खोली विकताय का. दुसरीकडे दुमजली पलंग, आणि माझ्या वाट्याला वरचा मजला. मी म्हटलं, मला वर जायची एवढी घाई नाही. तिसऱ्याने गच्चीवरचा तंबू दाखवला, त्याला खिडकी म्हणून एक भोक होतं. शेवटी फोनवर चाळता चाळता टिटवीला हे घर सापडलं. घरगुती मुक्काम, दोन खाटांची खोली, सकाळचा नाश्ता, आणि भाडं इतकं कमी की तिला वाटलं छापताना काहीतरी चुकलंय. अट एकच. पाहुण्यांसोबत घरचं वडीलधारं माणूस हवं, आणि दुपारी त्याने मालकिणीच्या आईजवळ बसून गप्पा मारायच्या. मालकीण शिवणकाम करते, महोत्सवातल्या कलाकारांचे कपडे बेतते, दुपारी तिला मान वर करायला सवड नसते. टिटवी हसून लोळली. म्हणे, आजी, जन्मभर तुला गप्प बस म्हणत आलो, आणि इथे बोलण्याबद्दल सवलत मिळतेय!

मालकिणीच्या गळ्यात कायम मापाची टेप लोंबते, म्हणून मी तिला टेपबाई म्हणते. गोड बाई आहे. मला दारात बघितलं आणि नजरेनेच खांद्यापासून पायापर्यंत माप घेतलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

एक गुपित. टिटवीच्या व्हायोलिनच्या पेटीच्या अस्तरात मी एक गंमत शिवून ठेवलीय. काय ते तुलाही सांगणार नाही, फोनराव. कार्यक्रम झाला की तिलाच उसवायला लावणार.

३ मे, रविवार

टिटवी सकाळीच तालमीला गेली. दुपारी टेपबाईने मला मागच्या खोलीत नेलं. पांढऱ्या चादरीची खाट, पाण्याचा तांब्या, खिडकीतून थेट महोत्सवाचं मैदान. खाटेवर तिची आई. अंगात त्राण नाही, पण डोळे असे रोखलेले की लग्नात मुलीकडच्यांच्या चुका काढायलाच बसवलंय. मी लगेच नाव ठेवलं, विहीणबाई. टेपबाई म्हणाली, आई बोलत नाही, पण तिला बोलणं लागतं. गेल्या उन्हाळ्यातही अशीच एक गोड आजी आली होती.

मग काय, मी सुटले. प्रवास सांगितला, गुडघे सांगितले, सुनेच्या भातात कायम जास्त पडणारं पाणी सांगितलं. विहीणबाई पापणी न लवता ऐकत होत्या. आमच्या घरात माझं दुसरं वाक्य सुरू होईतो निम्मी माणसं उठून जातात. इथे कुणी जागचं हललं नाही. खरं सांगू, बरं वाटलं.

४ मे, सोमवार

आज विहीणबाईंना आमच्या ह्यांच्याबद्दल सांगितलं. घड्याळं दुरुस्त करायचे. मी चिडावं म्हणून मुद्दाम दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून कामावर जायचे आणि वळणावर थांबून मागे बघायचे, मी दारात आले का. मी दारात असायचेच. थंडीत त्यांचा तपकिरी कोट मला पांघरायला द्यायचे आणि स्वतः कुडकुडत फुशारक्या मारायचे. हे सगळं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी टिटवी उशिरा आली. मैत्रिणींबरोबर खाऊन आली होती. मी तिच्यासाठी थांबले होते, पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, मला भूकच नव्हती.

५ मे, मंगळवार

टिटवीचे केस विंचरायचे होते, तर ती विंचरूनच आली. मोठी झाली. दिवसभर या घरात मशीनचा आवाज, लांबून वाद्यं जुळवण्याचा आवाज, आणि माझा. माझं ऐकणारी एकच, आणि ती खाटेवर.

टेपबाईने माझी शाल रफू करायला नेली. मी म्हटलं, झिजली असेल, फाटलेली नाही. म्हणाली, असू दे आजी, काठ नीट करते. नेता नेता गळ्यातली टेप काढून माझं माप घेतलं. शालीला कसलं माप लागतं ते मी विचारणार होते, पण फुकट काम करणाऱ्याला प्रश्न विचारू नयेत.

मला खोकला आहे. आधी दोनदा बारीक, मग एक मोठा. आज दुपारी मी खोकले आणि खाटेवरून तसाच आला. दोन बारीक, एक मोठा. मी म्हटलं, विहीणबाई, नक्कल करताय? त्यांच्या गालाला खळी पडली. उजव्या. मलाही उजव्याच गालाला पडते.

६ मे, बुधवार

आज टिटवी लवकर आली. मला बरं वाटावं म्हणून या फोनमधलं वाचून दाखवायला लागली. वर जायची घाई नाही, त्याला खूप हसली. मग मोज्यांचं वाचलं. दोन पायांत दोन रंगांचे मोजे, वळणावर थांबणं. डोळे पुसत म्हणाली, आजी, आजोबांचं हे मला कधी सांगितलंच नाहीस.

मी विचारलं, कुणाचं?

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मीही हसले. चेष्टा नव्हती. मोजे आठवत नाहीत, वळण आठवत नाही. घड्याळं आठवतात, पण ती दुरुस्त करणारा माणूस पाठमोराच दिसतो. किती हाका मारल्या मनात. वळत नाही.

उन्हाचा त्रास असेल.

७ मे, गुरुवार

विहीणबाई बोलल्या.

मी खुर्चीत बसत होते, गुडघे कुरकुरले. त्या म्हणाल्या, मला वर जायची एवढी घाई नाही. माझ्या आवाजात. शब्दावर मी जिथे जोर देते, तिथेच देऊन. आणि मग माझ्यासारख्याच स्वतःच्या विनोदाला आधी हसल्या.

टेपबाईला सांगितलं. तिने टाचणी ओठांत धरून मान हलवली, जशी काही मी पाऊस थांबल्याची बातमी दिली. म्हणाली, आईची तब्येत सुधारतेय, तुमचे उपकार.

टिटवीला म्हटलं, दुसरीकडे जाऊ. तिने खरंच सगळीकडे फोन लावले, लेकराने. एकही खोली रिकामी नाही. म्हणाली, आजी, तू एकटी कंटाळतेस, म्हणून असं वाटतं. तीनच दिवस. मग तू आणि मी, घरी. मी हो म्हटलं. तिच्या मानेवर व्हायोलिनचा लाल वण पडलाय. इतकं घासतेय पोर. मी तिचा कार्यक्रम बिघडवणार नाही.

पण आता कळलंय. सांगते ते जातं. माझ्याकडून जातं आणि तिकडे राहतं. उद्या तोंड शिवून बसणार.

८ मे, शुक्रवार

गप्प बसले. खूप वेळ बसले.

टिटवी सकाळी मी जागी व्हायच्या आत गेली होती. टेपबाई बोलली नाही. फोन घरी लावला, कुणी उचलला नाही. दिवसभरात माझ्याशी एक माणूस बोललं नव्हतं.

मग विहीणबाईंनी विचारलं, मग पुढे काय झालं? माझ्याच आवाजात. किती मायेने. या प्रश्नासाठी मी किती वर्षं वाट बघितली असेल. दातांवर दात धरले. बोलले नाही. फक्त गुणगुणले. गुणगुणणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं वाटलं—

त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या ओळीपासून साथ धरली.

९ मे, शनिवार

धून गेली.

टिटवी खोलीत सराव करत होती. मी म्हटलं, छान आहे, कुणाची? तिने गज खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं. मला कळेना, माझं काय चुकलं.

पाय उचलत नाहीत. आवाज बसलाय. टेपबाई म्हणाली, मागची खोली थंड आहे, तिथे घटकाभर पडा. टिटवीही म्हणाली, पड गं. टेपबाईने धरून नेलं. खाट रिकामी होती, चादर ऊन होती. मी फोन पदराखाली—

भिंतीला आरसा आहे. शिवणाचा, उंच. त्यात खाटेवर विहीणबाई पडलेल्या दिसतात. आणि खुर्चीत मी. माझी शाल घेऊन. काठ नीट केलेला.

खुर्चीतली मी उठली. गुडघे कुरकुरले. दाराकडे गेली. टिटवे, अशी हाक मारली.

आणि टिटवीने ओ दिली.

१० मे, रविवार

फोन तोंडाशी धरलाय. एवढंच पोचतं. कुजबुज.

गेल्या दोघी. दारातून दिसल्या. टिटवी निळ्या कपड्यात. मी तिचा हात धरून — ती तिचा हात धरून. टिटवी हसत होती. म्हणत होती, आजी, कालच्यापेक्षा आज किती टवटवीत दिसतेस.

ओरडले. आवाज आला नाही. टेपबाईने येऊन उशी सरळ केली. मला म्हणाली, आई, पाणी हवं?

गेल्या उन्हाळ्यातली गोड आजी. ती कुठे गेली, हे मी विचारलंच नव्हतं. कुणाच्या तरी घरी गेली असेल. आणि इथे जी पडून होती, ती कुणाची—

मैदानातून व्हायोलिन येतंय. लोक गप्प झालेत. शेवटी काहीतरी झोपेसारखं वाजवलं. कुणाचं असेल? छान होतं. टाळ्या थांबेनात.

पहिल्या रांगेत माझी खुर्ची आहे. एवढं आठवतं.

आणि अस्तर. ते कुणालाच सांगितलं नाही. तिलाही नाही. तेवढंच माझ्यापाशी उरलंय. सांगितलं तर जाईल. नाही सांगितलं तर टिटवी—

११ मे, सोमवार

बॅगा ओढल्याचा आवाज. निघाल्या.

टिटवी आत आली होती. माझ्या खाटेशी. वाकली. म्हणाली, येते हं आजी, तुम्ही काळजी घ्या.

तुम्ही.

जन्मल्यापासून मला तू म्हणते. तुम्ही म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं, गोड, वरवरचं. मी तिचं बोट धरलं. तिने हळूच सोडवून घेतलं. मानेवरचा वण दिसला.

बाहेर विचारतेय, आजी, तुझा फोन कुठाय? ती दुसरी म्हणतेय, असेल कुठेतरी, चल, उशीर होतोय. टिटवी ऐकत नाही. मी तरी कुठे ऐकायचे. शोधतेय. इकडेच येईल.

फोनराव, आता नीट लिही. ती घरी गेल्यावर वाचणार आहे. हसायला.

टिटवे. मी आहे. खाटेवरची. तुझ्याबरोबर आहे ती नव्हे. तिला विचार, पेटीत काय आहे. तिला सांगता येणार नाही. ते मी तिला दिलेलं नाही. पेटीचं अस्तर उसव. गजाच्या बाजूचा कोपरा. लाल दोऱ्याचे टाके आहेत, वाकडे, ते माझे. आत आहे तपकिरी कोटाचं — कोटाचं — कुणाच्या कोटाचं गं —

पावलं आली. दोघींची. गुडघे कुरकुरताहेत, ते माझे. टिटवे, लाल दोरा, आत मी घातलंय ते