इंजिनाशेजारची खोली

जेलरोड, नाशिक रोड
मंगळवार

प्रिय ज्ञानेश,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, माझी तब्येत बरी आहे. फोनवर मी काही बोलायला लागले की तू "जाऊ दे आई" म्हणतोस आणि मीही लगेच जाऊ देते. या वेळी मला जाऊ द्यायचं नाही. बाबांना जाऊन उद्या तीन महिने होतील.

आज त्यांचं कपाट उघडलं, तर बोटीच्या सहलीची वही निघाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता बोटीवर जाऊन या, तुम्हाला सोसेल आणि आवडेल तशी बोट बाबांनाच निवडू दे, असं तू म्हणालास आणि हा माणूस कामालाच लागला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये दर तासाला रीडिंग लिहायची सवय, तशाच इथे रेघा मारून तक्ते केलेत. कुठल्या बोटीला किती मजले, लिफ्टपासून जेवणाचा हॉल किती लांब. एका रकान्यात नुसतं 'साधनाचे गुडघे' लिहिलंय. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मिळेल का, हे विचारून त्यांनी राकेशला त्याच्या ट्रॅव्हल ऑफिसात किती पिडलं असेल! कोट घालून जेवायला लावणारी बोट बाद, असाही शेरा आहे. एवढं सगळं करून खोली निवडली ती सगळ्यात खालची, बिनखिडकीची, इंजिनाला चिकटून असलेली. राकेश म्हणाला, "काका, तिथं कोणी फुकट पण राहत नाय." हे म्हणाले, "मग मलाच दे ती."

का, ते तुला सांगायला नको. क्वार्टरमध्ये लाइट जाऊन पंखा थांबला की बाबा ताडकन उठून बसायचे, पाय चपलेत घालून. प्लांटमध्ये आवाज थांबला म्हणजे युनिट बंद पडलं, आता धावा, हे पस्तीस वर्षं अंगात मुरलेलं. रिटायर झाल्यावर ऐन डिसेंबरात पाणी न घालता कूलर लावून झोपायचे, आणि त्या घरघरीत शेजारी मी. मला वैताग यायचा रे. मखमलाबादला शेवंतीच्या मळ्यात वाढलेली मी, लग्न झाल्यापासून शांत झोप कशी असते ते विसरून गेले होते. निदान बोटीवरचे पाच दिवस तरी कानाशी काही वाजू नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी एकटीच राकेशकडे गेले आणि सगळ्यात वरची, बाल्कनीची खोली करायला सांगितली. यांना ते मुंबईला बोटीवर चढल्यावर कळलं. असे चिडले की मी पटकन म्हणून गेले, ज्ञानेशनं परस्पर बदलली, त्याची हौस. तुझं नाव घेतलं मी. बापलेकाचं काय, दोन दिवसांत निवळेल, असं वाटलं. त्या खोलीत मी आठ-आठ तास झोपले. हे दोन्ही रात्री खुर्चीत बसून होते, पायांत चपला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा त्यांनी हातानंच नको म्हटलं, आणि मी तुला सांगितलं की बाबा जेवायला गेलेत. सखुआत्याला मात्र त्यांनी स्वतःहून फोन लावला. बहिणीला म्हणाले, "पोराला बाप कळला नाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठले तर खुर्ची रिकामी. शोधत शोधत सगळ्यात खालच्या मजल्यावर गेले. तिथे इंजिनाच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसले होते, चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. झाडणाऱ्या माणसाला वाटलं, काकांना झोप लागलीय, म्हणून त्यानं उठवलं नव्हतं. मलाही तसंच वाटलं. खांद्याला हात लावला तेव्हा भिंत थरथरत होती, त्यामुळे तेही हलताहेत असं वाटत राहिलं. बोटीवरचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दोन रात्रींचं जागरण मी त्यांना सांगितलं नाही.

दशक्रियेला गोदाकाठी सखुआत्या सगळ्या भावकीसमोर बोलली, की लेकानं स्वतःच्या हौसेपायी बापाला धाडलं आणि बाप लेकावर रुसून गेला. तू मान खाली घालून उभा होतास. मी तुझ्याशेजारी होते आणि तोंड उघडलं नाही. मनात काय आलं सांगू? हा परवा विमानानं परत जाईल, मला मात्र या माणसांत दिवस काढायचेत. आईनं असा विचार केला, ज्ञानेश.

काल राकेश बाबांची कागदपत्रं परत द्यायला आला होता. चहा घेताना सहज म्हणाला, "काकू, बुकिंग दादाच्या नावावर, म्हणून खोली बदलायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, आईला पाहिजे तीच दे, बाबांना मी समजावतो." म्हणजे बोटीवर आलेला तुझा फोन त्यासाठी होता. म्हणजे घाटावर तुला सगळं माहीत होतं, आणि माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून तू वर बघितलंसुद्धा नाहीस. आज दुपारी सखुआत्याला बोलावून इथवरचं पत्र तिला वाचून दाखवलं. चहा तसाच ठेवून ती निघून गेली. उद्यापर्यंत भावकीत सगळ्यांना कळेल, कळू दे. बाबा तुझ्यावर रुसून गेले नाहीत रे. ते माझ्यावरच रुसले होते, फक्त ते त्यांना मी कळू दिलं नाही.

तुझीच अपराधी,
आई