मधे गाठ नव्हती

प्रिय बयो,

पाकिटावर माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील, ठाऊक आहे मला. अक्षर तिरकं आलं असेल तर समजून घे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आणि बायकोच्या डोळ्यांवर जुनाच नंबर! साऱ्या जगाचे डोळे तपासून झाले की तुझ्या बाबांना माझी आठवण होणार. शिलाईचं काम तसं बरं चाललंय. समोरच्या शिक्षिकाबाईंनी पडद्याचं कापड आणून टाकलंय आणि रोज खिडकीतून विचारतात, झालं का? मी मशीनवर बसते, पाय हलतो, पण सुईत दोरा नसतो. परवा अशीच हातभर शिवण घातली, कापड उचललं, तर दोन्ही तुकडे वेगळे. आधी हसू आलं. मग ते थांबेना, आणि थोड्या वेळाने ते हसू राहिलं नाही.

प्रार्थनाघरात मेजामागे टांगलेला द्राक्षवेलाचा पडदा आठवतो ना? बाकावर चढून तू त्यावर तुझं पान शोधायचीस. प्रत्येक घराचा एक फाटा, आणि मुलाचा बाप्तिस्मा झाला की आईने घराच्या फाट्यावर त्याची डहाळी भरायची, तिला एक पान, पानाखाली बारीक अक्षरांत नाव. लग्न होऊन आले तेव्हा आपला फाटा मी भरला, साखळी टाक्याने. टोकाला गाठ मात्र मारली नाही. उरलेला दोरा मागच्या बाजूला तसाच लोंबता ठेवला. तो हिरवा रंग पुन्हा मिळाला नसता, आणि मूल काय, आज ना उद्या होईलच, असं वाटलं होतं. तो दोरा कितीतरी वर्षं लोंबत राहिला. दर रविवारी तुझे बाबा प्रार्थना सांगायला उभे राहून देवाला म्हणायचे, तू वेल, आम्ही फाटे, जो फाटा फळ देत नाही तो तू छाटून टाकतोस. प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी सगळ्या बायका एकदा माझ्याकडे बघून घ्यायच्या. बाबांच्या ते कधी ध्यानातही आलं नाही. त्यांचा त्या शब्दांवर जीव होता, बस. मग तू झालीस, आणि तोच दोरा सुईत ओवून मी तुझी डहाळी भरली. अगदी पानाच्या टोकाशी जाऊन तो बंद केला.

त्यामुळे त्या रविवारी तू भर प्रार्थनेत उभी राहिलीस ना, तेव्हा सगळे दचकले, मी नाही दचकले. माझं बाळ श्वास न घेताच गेलं, मग छाटलं कुणाला, त्याला की मला, असं तू विचारलंस. बाबा सरळ प्रार्थनेची पुढची ओळ म्हणाले. तू दार उघडून गेलीस ती गेलीसच. जावईबापूंनी नंतर हा पत्ता कळवला, तेवढंच.

वर्षभर जो फिरकत नाही त्याचं पान उसवायचं, हा नियम तुझ्या जन्माआधीचा. गेल्या आठवड्यात बाबा पडदा घरी घेऊन आले, डांबरगोळ्यांच्या वासासकट. म्हणाले, परक्या कुणी हात लावण्यापेक्षा तू उसव. मी म्हटलं, लेक तुमची, नियम तुमचा, मग कात्रीही तुम्हीच धरा. धरली त्यांनी. पण इवलासा स्क्रू न सांडता बसवणाऱ्या त्या हातांना एक टाका सापडेना. रडले गं, लहान मुलासारखे रडले. तरी नियम मोडता येणार नाही म्हणाले. माणूस मोडला तर चालत असावं.

मग मीच खिडकीपाशी बसले. आधी तुझं नाव उसवलं, एकेक अक्षर. मग पानाच्या टोकाचा टाका कापला आणि दोरा ओढला. साखळी टाका एकदा सुटला की सरसर सुटत जातो, तुला मी शिकवलंय. पान गेलं, डहाळी गेली, आणि मधे गाठ नव्हतीच, म्हणून दोरा थेट आपल्या फाट्यात शिरला. बोट ठेवलं असतं तर थांबला असता. मी बोट ठेवलं नाही. पार खोडापर्यंत सगळं उसवू दिलं.

रविवारी पडदा टांगला तेव्हा बाबांनी पाहिलं. आपल्या जागी नुसती सुईची भोकं. तू वेल, असं म्हणून ते जे थांबले, ते पुढे बोललेच नाहीत. लोक वाट बघून बघून उठून गेले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. आता दुकानातून येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. मला वाटलं होतं, उसवल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. मीही एकटीने म्हणून बघते, तू वेल, आणि पुढे काही येत नाही. पलीकडे कुणी ऐकत असल्यासारखं वाटायचं, तेही आता वाटत नाही. जन्मभर मी कुणाशी बोलत होते गं?

तो दोरा टाकवला नाही. शिक्षिकाबाईंच्या कापडाची एक पट्टी उरली होती, तिच्यावर त्याच दोऱ्याने एक पान भरलंय. फाटा नाही, वेल नाही, नुसतं पान. तुझ्या बाळाचं. मग खाली नाव भरायला सुई टेकवली आणि हात तिथेच थांबला. दवाखान्यात त्याला गुंडाळून नेलं, आम्ही तुला म्हटलं, दुसरं होईल, धीर धर. नाव कुणी विचारलंच नाही. मी आई असून विचारलं नाही. पोटात होता तेव्हा तू त्याला काहीतरी म्हणून हाक मारत असशीलच. घरी ये म्हणत नाही, आता तसं घरही राहिलेलं नाही. पत्राला उत्तर म्हणून एकच शब्द लिही, दुसरं काही नको. काय म्हणायचीस गं तू त्याला?

पडद्यावर नसले तरी तुझीच,
आई