दगडूचा दिवा

प्रिय आत्याबाई,

काल दिवेलागणीला मी दगडूच्या पेटीतले दिवे मालवले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हापासून तुमच्या लेकीने, रेखा वन्संनी, माझ्याशी बोलणं सोडलंय, आणि हे बहिणीची बाजू घेऊन गप्प बसलेत. म्हटलं, ज्यांच्यावरून हे सगळं झालं त्यांनाच लिहावं.

तुम्ही औशाहून नांदेडला आमच्याकडे राहायला आलात, त्याच महिन्यात दगडू आला. ह्यांच्या मित्राची बदली झाली आणि तो आपलं परदेशी कासव कागदपत्रांसकट आमच्या गळ्यात मारून गेला. महादेवापुढचं कासव घरात आलं म्हणून तुम्ही आधी हात जोडलेत. मग त्याची लाकडी पेटी बघून नाक मुरडलंत! त्याला ताजा पाला मिळावा म्हणून मी पेटीत घोळ आणि तांदुळजा पेरला होता. रोपं उंच, पांढुरकी झाली होती आणि माना टाकत होती. मी आपली खत घालत होते.

"खत काय करंल? उजेडासाठी वर पळायलंय बिचारं," तुम्ही म्हणालात. "दिवा खाली घे."

पेटीत दिवे दोन. कोपऱ्यातला दगडूच्या उबेचा, आणि दुसरा लांब पांढरा, रोपांसाठी. तो मी पार वर टांगला होता. तुम्ही सुतळी सोडून तो खाली घेतलात, पानापासून वीतभर अंतर मोजलंत आणि पानाच्या उंचीवर तळहात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिलात. हाताला चटका बसत नाही म्हणजे पानालाही बसत नाही. पंधरा दिवसांत घोळ अशी पसरली की दगडू तिच्यात बसूनच जेवायचा. शेतात तर डोक्यावर सूर्य असतो, मग दिव्याचं हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? विचारायचं राहूनच गेलं.

देवापुढे दिवा लावला की तुम्ही जाऊन पेटीतले दिवे मालवायच्यात. "निज आता," एवढंच म्हणायच्यात. मला वाटायचं, जितका जास्त उजेड तितका जास्त पाला. एकदा पाहुण्यांसमोर मी बोलले, त्या बटनाला हात लावत जाऊ नका. तुम्ही चार दिवस हात लावला नाहीत. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना गुपचूप मालवलेत. तेव्हा राग आला होता. आता त्या चार दिवसांचं वाईट वाटतं. माफ कराल का?

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी, जिथे तुम्हाला ठेवलं होतं तिथे आपल्या रीतीप्रमाणे पीठ पसरून वर टोपली झाकली. शेजारी समई. सकाळी पिठात ज्याची पावलं दिसतील त्या जन्माला माणूस गेलं, असं आपल्यात बघतात. सकाळी टोपली कलंडलेली होती आणि पिठात चार पायांचे ठसे, आणि तशीच पिठाची पावलं थेट पेटीपर्यंत.

वन्सं मटकन खाली बसल्या. "आई हाय ती," म्हणाल्या. "आता ह्या पेटीतला उजेड मालवायचा न्हाई."

आत्याबाई, रात्री पेटीच्या तोंडाची फळी लावायची मीच विसरले होते. पण वन्सं त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जेवल्या, आणि माझ्याच्याने खरं सांगवेना.

बारा दिवस दिवे रात्रंदिवस जळत होते. घोळीची पानं कडेने करपली, तांदुळजा पिवळा पडला. दगडू आपल्या आडोशाच्या खापराखाली डोकं खुपसून बसला आणि त्याने खाणं सोडलं. वन्सं त्याच्यापुढे तुमच्या आवडीचं धपाटं ठेवायच्या. तो ढुंकून बघेना. आईची काय इच्छा राहिली असेल, म्हणून त्या रडायच्या. मला तर भीती वाटायला लागली की हा जीवही जातो.

काल राहवलं नाही. म्हटलं, "वन्सं, आत्याबाईंना निजायचंय." आणि बटन बंद केलं. फळीचंही सांगून टाकलं. त्या उठून आत निघून गेल्या.

आज सकाळी दिवे लावले तेव्हा दगडू खापराबाहेर होता. घोळीचं एक पान अर्धं कुरतडलेलं होतं. मी ते वन्संना दाखवलं नाही, पण पेटीजवळून हललेही नाही.

आत्ता हे लिहिता लिहिता दिवेलागण झाली. मी उठणार, तोच बटनाचा आवाज आला. वन्सं पेटीवर वाकून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "निज आता, आई."



सुतळी आता माझ्याकडे आहे. रोप वाढेल तसा दिवा वर घेईन, आणि दर वेळी आधी तळहात धरून बघेन. माझी वीत तुमच्याहून आखूड आहे. तेवढं एक बोट जास्त मोजत जाईन.

तुमची सून,
सुनंदा