रामेश्वर विसरले नव्हते

मी, कावेरी रामेश्वर धुरी, वय सदुसष्ट, मूळ राहणार तळेवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, सध्या मुलाकडे अमिरातीत अल ऐन येथे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. शाळा दोनच वर्षे झाली. पुढचे वाचन तलाठ्याच्या नोटिसा आणि खताच्या पिशव्यांवरून शिकले, पुस्तके नंतर आली. लिहिण्यात चुकले असेल तिथे अर्थ धरावा. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. तळेवाडीचे घर यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर झाले आहे. ते मुलगा सुदेश यास द्यावे. मागच्या दाराची पायवाट शेजाऱ्यांना कधीही बंद करू नये.

२. काजूची बाग धाकटे दीर गणू यांस. आम्ही इथे आल्यापासून ती त्यांनीच राखली. मात्र गणूभावजी प्रत्येक लग्नात सांगतात, "दादा विसरभोळो, म्हणान गुरुजी लंगडे झाले." कलम पाच वाचून हे बोलणे बंद करावे. नाही केले तरी बाग त्यांचीच. पण मग त्यांनी माझ्या फोटोला हार घालू नये.

३. सोन्याच्या चार बांगड्या सून संजना हिला. तिने मला बसवून खायला घातले आणि एकदाही ऐकवले नाही. मी तिच्या सोलकढीला नावे ठेवत आले. कढी चांगली असते. पुस्तके नात अस्मिता हिला. तिला मराठी वाचता येत नाही. "आजी, आय विल लर्न, प्रॉमिस," म्हणते. बघू.

४. बँकेत आहे ते सुदेशचे. मी इथे गेले तर देह विमानाने गावी नेण्याचा खटाटोप करू नये.

५. बंदूक. हे कलम कोणी गाळून वाचू नये.

यजमानांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बंदूक होती. सन २०१९ च्या निवडणुकीआधी नोटीस आली की आठ दिवसांत बंदुका ठाण्यात जमा करा. काजू धरलेला, माकडे आणि डुकरे रोज बागेत. बंदुका आमच्याकडेच राहू द्या म्हणून मोर्चा ठरला. बैठक आमच्या खळ्यात झाली. मोर्चाचे पुढारी गुणवंत गुरुजी म्हणाले, "रिकाम्या हातांनी जाऊया. आम्ही मागूक चाललव, धाक घालूक न्हय." यजमानांनी मान डोलावली. मी चहा देत होते. मी सगळ्यांसमोर बोलले, "बंदुकीच्या हक्कासाठी जातास आणि बंदूक घरात लपवतास? चोरीची आसा काय?"

पुरुष हसले. यजमान हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरा जण खांद्याला बंदूक अडकवून निघाले, त्यांत ते होते.

गुरुजींनी तीन वाड्यांतून चाळीस बायका जमवल्या होत्या. त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या, पण बागा त्यांच्याही उजाड झाल्या होत्या. बंदुका बघून त्या नाक्यावरूनच परत फिरल्या. बार उडाला तो त्यानंतर. म्हणजे मोर्चा आधीच मोडला होता.

तहसीलच्या पायऱ्यांवर यजमान बंदूक खांद्यावरून उतरवत होते. घोडा कोणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकला. खालच्या पायरीवर गुरुजी निवेदन घेऊन उभे होते. छर्रे त्यांच्या डाव्या गुडघ्याखाली गेले.

बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी, यजमान बाजारात असताना माकडे आली. मी बंदूक काढली, काडतूस घातले आणि अंगणात गेले. माकडे मला बघूनच पळाली. मी बंदूक तशीच खुंटीला लावली आणि सांगायला विसरले. परवाना यजमानांचा, मला हात लावायचाही अधिकार नव्हता. यजमान घरी आणलेली बंदूक रिकामी करूनच ठेवत, म्हणून त्या सकाळी त्यांनी नळी उघडून पाहिली नाही.

बार उडाला तेव्हाच त्यांना कळले असणार. ठाण्यात त्यांनी जबाब दिला, "माझीच चूक. काडतूस काढूचा रवला." परत येताना रिक्षात मला एवढेच म्हणाले, "तुझा नाव खंयच येता नये." त्यानंतर तीन वर्षांनी ते वारले. या तीन वर्षांत आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही. गुरुजींनी अपघात म्हणून लिहून दिले, तरीही मी त्यांच्या दारात गेले नाही. लोकांना वाटले, मी रागावले आहे. मी वाटू दिले.

पोलिसांना याबद्दल मला विचारायचे असेल तर विचारावे. काडतूस मी विसरले. टोमणा मात्र मुद्दाम मारला होता.

६. बंदूक अजून ठाण्यात आहे. परवाना वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज सुदेशने दिला आहे. आता पुन्हा निवडणूक, पुन्हा मोर्चा. गावची मुले त्याला फोन करतात, "काकांची बंदूक पुढे पाहिजे." परवा तो मला म्हणाला, "आई, लीगल आहे ना? रिकामी घेऊन गेलं तर प्रॉब्लेम काय?"

मी म्हटले, "रिकामीच आहे, असं तुझ्या बाबांनाही वाटत होतं."

"तू ना, प्रत्येक गोष्ट बाबांवर आणतेस. खलास कर आता."

सुदेश, बंदूक ठेवण्याचा हक्क मला आजही मान्य आहे. डुकरांनी खाल्लेली बाग मी पाहिली आहे. पण मागायला जाताना ती बरोबर नेली की समोरचा आपले बोलणे ऐकत नाही, नळीकडे बघतो. आणि आपल्या बाजूची माणसेही घरी जातात. इथे मोर्चे निघत नाहीत. आम्हाला रिकाम्या हातांनी जाऊन मागता येत होते, ते मी एका वाक्यात घालवले.

म्हणून अर्ज मागे घ्यावा व बंदूक सरकारजमा करावी. अंमलबजावणी संजना करील, सुदेश नव्हे.

७. गुरुजी एक्याऐंशी वर्षांचे आहेत. माझ्या आधी ते गेले तर कलम पाच कोणासाठी लिहिले? म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. आज सह्या झाल्या की सुदेशला समोर बसवून गुरुजींना फोन लावणार आहे आणि कलम पाच स्वतः वाचून दाखवणार आहे. त्यांनी मध्येच फोन ठेवला तर तो त्यांचा हक्क आहे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावीन.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. खोडाखोड नाही.

सही: कावेरी रामेश्वर धुरी

आमच्यासमोर सही केली. यात आम्हा दोघांना काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: तहसीन काझी, मूळ चिपळूण, टायपिंग सेंटर, अल ऐन
साक्षीदार २: ममता परुळेकर, परिचारिका, अल ऐन

ठिकाण: अल ऐन
दिनांक: १८ जानेवारी २०२६