डिकीवरची धूळ

आमच्या कोठाराचा दरवाजा गेली अठरा वर्षे खाली घासतो आणि तो ओढताना माझा उजवा खांदा दर वेळी निखळल्यासारखा होतो, अशी तक्रार सर्वप्रथम नोंदवून, मी रोझलिंड टॅपली, वय ५४, साप्ताहिकात लोकांची टवाळी करून पोट भरणारी, राहणार क्लेबरी, श्रॉपशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांना वाईट सापडले ते पोटात.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी हेस्टर हिला. दरवाजासुद्धा.

२. माझ्या लिखाणाने दुखावलेल्या चर्चच्या बाग समितीला माझी गुलाबाची कात्री. काटे त्यांच्याकडे आहेतच.

३. कोठारातली हिरवी एमजी मोटार, सन १९६१, दोन आसनी. माझे यजमान हम्फ्री यांनी ती १९८० मध्ये 'जरा दुरुस्त करायला' आत घातली. पुढे मी डिकीवरच्या धुळीत बोटाने लिहिले, 'मला धुवा'. त्यांनी खाली लिहिले, 'उद्या'. दोन वर्षांपूर्वी ते गेले. 'उद्या' तिथेच आहे.

किंमत ठरवायला लडलोहून थ्रप नावाचे गृहस्थ आले. त्यांनी सांगाड्याचा गंज खरवडून पाहिला, इंजिनाचा नंबर कागदाशी ताडला. मी फडके घेऊन पुढे झाले.

"बाई, ते खाली ठेवा. मूळ रंग, मूळ कातडं, वर इतक्या वर्षांची धूळ. लोक याचेच पैसे मोजतात. आहे तशी तेरा हजार पौंड. पुसलीत की अकरा."

"म्हणजे घाण दोन हजारांची?"

"चांगल्यापैकी घाण आहे." मग ते डिकीपाशी थांबले. "हे कुणी लिहिलंय?"

"वरचं मी. खालचं नवऱ्यानं."

त्यांनी टोपी काढली. "याचा आकडा मला नाही सांगता येणार."

४. सदर गाडी माझे दीर नेव्हिल यांना. हा माणूस दर शनिवारी बादली घेऊन हजर.

"रॉझ, एकदाच धुतो. गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

"हात तर लावून बघ."

शेवटी मी बादली जप्त केली. तरी तो येतोच. इंजिन जाम होऊ नये म्हणून हाताने फिरवून जातो. गाडीचे तोंड आतल्या भिंतीकडे, त्यामुळे इंजिनाकडे जायचे तर डिकीला अंग न घासता जाणे मुश्कील. गेल्या शनिवारी मी फटीतून पाहिले. नेव्हिलने त्या थंडीत कोट काढून खुंटीला लावला, पोट आत ओढले आणि श्वास रोखून, अक्षरांना न शिवता आडवा सरकला. पोट लहान नाही.

गाडी कधीही धुवू नये अशी अट इथे होती. ती मी खोडली आहे. त्याने विकावी, ठेवावी, धुवावी. धुण्याआधी एकदा वाचावे, इतकेच.

ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून नेव्हिलची सही घेतली नाही. तो रुसला आहे. कारण नंतर कळेल.

आम्हा तिघांच्या देखत सह्या झाल्या:
रोझलिंड टॅपली
साक्षीदार: सिरिल थ्रप, लडलो, मॉरीन गफ, टपालवाली, क्लेबरी
क्लेबरी, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

ता. क. नेव्हिलची बादली, आत नवा स्पंज घालून, आज सकाळी त्याच्या पायरीवर ठेवून आले.