चाळीस सेकंद आधी

३ फेब्रुवारी
साडेअकराला आमच्या वेफर्स कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मॅडम हिरवट पाण्याची बादली घेऊन माझ्या तळणीपाशी आली आणि माझं सगळं बदललं!
म्हणाली, बटाटा कडक तळला की ॲक्रिलामाइड तयार होतं. विषच म्हणा. चकत्या आधी चहाच्या पानांच्या अर्कात भिजवल्या तर ते कमी व्हायला हवं. एक घाणा साध्या पाण्यातला, एक अर्कातला. दोन्ही तीन मिनिटं. घड्याळ माझ्याकडे.
"तुम्हाला कळतंय ना?"
कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून काय — कळतंय!

८ फेब्रुवारी
निकाल आला. फरक नाहीच. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. शेजारच्या तळणीवरचे काका म्हणाले, पाल्याच्या पाण्याने विष उतरवायला चकतीला काय विंचू चावलाय? अंगावर धावून गेलो. तिघांनी धरलं.

९ फेब्रुवारी
महिनाअखेरपर्यंत हे जमलं नाही तर तिची नोकरी जाणार. हे तिने मला सांगितलं. मला!

१० फेब्रुवारी
आज पुन्हा तीच चाचणी. अर्काचा घाणा चाळीस सेकंद आधी उपसला. मॅडमच्या नोंदवहीत लिहिलं — तीन मिनिटं. कमी तळलं की विष कमी, एवढी अक्कल आहे मला.

१७ फेब्रुवारी
विष निम्म्यावर! माझ्याकडे बघून हसली. जेवलोच नाही. आई म्हणाली, पोट बिघडलंय का.

२१ फेब्रुवारी
मालक पाकिटावर हिरवं पान छापणार. 'मुलांसाठी सुरक्षित.' माल शाळांना जाणार. आणि तळायचं पूर्ण तीन मिनिटं, नाहीतर चकती मऊ पडते. म्हणजे विष तेवढंच, वर पान.
ताईची पोरगी रोज आमचंच एक पाकीट फस्त करते. आज माझ्या मांडीवर बसून खाल्लं. मी बघत राहिलो.

२२ फेब्रुवारी
उद्या मॅडमला सांगणार. ती माझं तोंडही बघणार नाही. नको बघू दे.

२३ फेब्रुवारी
सांगितलं. चाळीस सेकंद, खोटी नोंद, सगळं. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.
"घाण्याचा रंग बघूनच कळलं होतं मला. पाकिटं छापून झालीत. तू आता तोंड उघडू नकोस."
पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. केवढी वाट बघितली होती त्याची.
वही टेबलावरच होती. 'तीन मिनिटं' खोडलं, खरं लिहिलं, खाली सही केली. ती हाक मारत होती. वही काखेत मारली, मालकाला दाखवायला बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.