परसातलं फाटक आणि त्यावरचा तपकिरी ठिपका

मी, चर्चच्या मागच्या बोळातली इस्त्रीवाली, देवाच्या दयेने आणि स्वतःच्या हिमतीने आजवर जगलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. धाक घालणारे होते, ते दमले. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या घराण्यात असा दाखला दुसऱ्या कोणाकडे नाही. शाळा मी तिसरीत सोडली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या मास्तरणीने तपासले. मजकुराला तिने हात लावलेला नाही. एकदा लावायला गेली, तेव्हा मी तिचा चष्मा काढून घेतला.

१. हे पत्र घरी वाचू नये. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये, सूचनांच्या वेळी वाचावं. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, झाडलोट कोणाकडे, एवढं झालं की लगेच. सूचनांनंतर शेवटचं गीत असतं, त्यामुळे कोणाला उठून जाता येत नाही. माझे धाकटे दीर चर्चचे वॉर्डन आहेत. घरी त्यांना मधे मधे बोलायची खोड आहे. चर्चमध्ये ते दुसऱ्यांना गप्प करतात, म्हणून स्वतःलाही गप्प बसावं लागतं.

२. माझ्या मुलाला भिंतीवरचं घड्याळ द्यावं. त्याचं दुसऱ्या शहरात दुमजली घर आहे. मागच्या खेपेला म्हणाला, "आई, तुझ्या पश्चात हे घर काकांच्या कमिटीला देऊन टाकू. गाड्या लावायला बरं पडेल." मी विचारलं, "आणि तोवर मला कुठे लावणार?" तेव्हा घड्याळाकडे बघून उठला. म्हणून घड्याळ.

सगळी पितळी भांडी सुनेला. ती माझ्याशी भांडली, पण तोंडावर भांडली. नातीला माझ्या हातची दुलई. नातवाला खळीचं पातेलं, कारण लहानपणापासून त्याला खळीचा वास सहन होत नाही. आता सवय करावी.

गायकमंडळातल्या जाड आवाजाच्या गृहस्थांना काही नाही. माझ्या खळीने त्यांची मान कापते अशी त्यांनी कमिटीत तक्रार केली होती. झगा तोच होता, मान वाढली होती.

३. आता फाटकाचं. आमच्या चर्चला आत जायच्या दोनच वाटा: रस्त्यावरचं मोठं दार, आणि माझ्या परसातलं पत्र्याचं फाटक. धुतलेले झगे आणि वेदीची वस्त्रं धूळ न लागता आत जावीत म्हणून माझ्या सासूच्या वेळी ते बसवलं. मग त्यातून माणसंही जाऊ लागली. रडकं पोर कडेवर असलेली, कामावरून उशिरा सुटलेला, मोठ्या दारातल्या नजरा नको असलेली.

दिरांची थोरली मुलगी सासरचा मार खाऊन कायमची माघारी आली, तेव्हा भावोजी तिला म्हणाले, "लोक विचारतील. काही दिवस चर्चला येऊ नकोस." ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "मोठं दार तुझ्या बापाचं असेल, फाटक माझं आहे." दर रविवारी ती तिथून आत जायची आणि खांबाआड बसायची. हे कळल्यावर भावोजींना साक्षात्कार झाला की देवाच्या घरात परसातून येणं शोभत नाही. कमिटीने ठराव केला. सोमवारी गवंडी येऊन फाटक विटांनी बुजवणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी नवे पाळकसाहेब पदावर बसायचे होते. त्या दिवशी रीत अशी: मंडळी आत बसते, मोठं दार बंद ठेवतात, बिशपसाहेब बाहेरून काठीने तीनदा ठोठावतात, मग दार उघडतं. शोभा यावी म्हणून भावोजींनी शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या हाताने दाराला तपकिरी रंग फासला, कडांनासुद्धा, आणि सकाळी मंडळी आत गेल्यावर, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून, दार घट्ट लावून ठेवलं. तासाभराने बिशपसाहेबांनी ठोठावलं. आतून चौघांनी ओढलं, बाहेरून भावोजींनी खांदा लावला. दार चौकटीला चिकटलं ते चिकटलं. कोटाचा खांदा तपकिरी झाला.

मी परसात शेवटच्या झग्यावर इस्त्री फिरवत होते, थोरली घड्या घालत होती. दुकानाच्या दारातून हाक आली, "वहिनी, जरा फाटक उघडता?"

"कशाला? उद्या गवंडी येतोय ना?"

"वहिनी, बिशपसाहेब उभे आहेत हो!"

"मग त्यांनी ठोठावावं. रीत आहे."

बिशपसाहेब मोठ्याने हसले. वाळत घातलेल्या झग्यांखालून वाकत आले आणि पत्र्यावर तीनदा काठी आपटली. काठीच्या टोकाला ओला रंग होता, त्याचा ठिपका फाटकावर उमटला. मी कडी काढली. पुढे बिशप, मागे पाळक, त्यांच्यामागे हातावर झगे घेतलेली थोरली, आणि सगळ्यात शेवटी वॉर्डन. मंडळी उभी राहिली. बिशपसाठी राहिली हे मला कळतं, पण राहिली. त्या दिवसापासून थोरली खांबाआड बसलेली नाही.

चहाच्या वेळी बिशपसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "या घरात चर्चचे कपडे धुतले जातात तोवर हे फाटक उघडं राहील." पाळकसाहेबांनी ते लगेच कमिटीच्या कागदावर घेतलं. भावोजी तेव्हापासून माझ्या मरणाची वाट बघताहेत, आणि कपडे मशीनच्या धुलाईकडे द्यायचे हेही त्यांनी ठरवून ठेवलं आहे.

४. म्हणून हे घर, दुकान, दोन्ही इस्त्र्या आणि फाटकाची कडी मी दिरांच्या थोरल्या मुलीला देते. तिच्या हातची खळ माझ्याहून सरस आहे. हे तिला मी जिवंतपणी सांगितलेलं नाही. कपडे याच घरात धुतले जातील. आता फाटक बुजवायचं असेल तर भावोजींनी आपल्या लेकीच्या परसात उभं राहून बुजवावं.

फाटकाला रंग देऊ नये. ठिपका राहू द्यावा.

५. माझी शवपेटी फाटकातूनच आत न्यावी, हे थोरलीला आधीच सांगून ठेवलं आहे; इथे फक्त नोंद. थोरली विचारत होती, "काकू, मावेल का?" बिशप मावले, मला काय झालं?

६. साक्षीसाठी काल मी भावोजींना निरोप धाडला, तर धावत आले. "वहिनी, घराचं काय ठरवलंत?"

"तुमच्याच रक्ताकडे जातंय. काळजी करू नका."

"वाचू का जरा?"

"साक्षीदाराने सही बघायची असते, मजकूर नाही. वकिलांना विचारा."

विचारून आले. आज मजकुरावर फडकं घालून फक्त खालची जागा उघडी ठेवणार आहे. तर भावोजी, हे ऐकत असाल तेव्हा पाळकसाहेबांकडून कागद मागून घ्या आणि खाली कोणाची सही आहे ती बघा. आणि मग गीताला उभे राहा.

लिहून देणार: इस्त्रीवाली. स्वतःच्या हाताने सही, अंगठा नव्हे.

साक्षीदार पहिली: बाजा वाजवणारी मास्तरीण. मजकूर वाचून, हसू आवरून.

साक्षीदार दुसरा: चर्चचे वॉर्डन, लिहून देणारीचे धाकटे दीर. मजकूर न वाचता, ठळक अक्षरात.

ठिकाण: इस्त्रीचं दुकान, फाटकासमोर.

वार: सोमवार. गवंडी यायचा होता, तोच वार.